बोलावलेला साक्षीदार : एक प्रस्तावना

इतिहासाच्या साधनांची गणना करताना आपल्याकडे बखरी, शकावल्या, महजर, ताम्रपट, नाणी आणि सरकारी दप्तरे यांची नावे आदराने घेतली जातात. परंतु ज्या ३५ मिलिमीटर रुंदीच्या फितीवर विसाव्या शतकाने आपला चेहरा, आपली चाल आणि पुढे आपला आवाजही उमटवून ठेवला, त्या फितीसाठी या पंक्तीत अजून पाट मांडला गेलेला नाही. याचे कारण फार दूर शोधावयास नको. मुख्य चित्रपटाच्या आधी दाखविला जाणारा वृत्तपट म्हणजे प्रेक्षकांच्या लेखी अंधारात आपली खुर्ची चाचपडण्याचा, पोरांना गप्प बसविण्याचा आणि शेंगदाण्यांची पुडी सोडण्याचा वेळ. आणि जी वस्तू पाहणाऱ्यांनीच कधी मन लावून पाहिली नाही, ती पुढील पिढ्यांनी पुरावा म्हणून रुजू करून घ्यावी, ही अपेक्षा पंडितांना सहजासहजी मानवत नाही. मला स्वतःला ही उपेक्षा अन्यायाची वाटते, आणि पुढील प्रकरणांत ज्या अमेरिकन वृत्तपटांचा, म्हणजे साधारणतः १९३० ते १९६० या तीस वर्षांत त्या देशाच्या सार्वजनिक जीवनाचे जे चित्रण झाले त्याचा, परिचय करून दिला आहे, ते वाचण्यापूर्वी या साधनाचा स्वभाव, त्याचे सामर्थ्य आणि त्याची लबाडी या तिन्हींची थोडी ओळख वाचकाला असावी, एवढ्याच हेतूने ही प्रस्तावना लिहीत आहे.

वर्धा जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला, समुद्रपूर तालुक्यातील गिरडसारख्या गावी बसून अमेरिकेच्या बातम्यांविषयी लिहिण्याचा अधिकार काय, असा प्रश्न कोणी विचारला तर तो गैरवाजवी म्हणता येणार नाही. पण आमच्या या मुलखाचा आणि अमेरिकेचा संबंध वाटतो तितका नवा नाही. १८६१ साली त्या देशात यादवी युद्ध पेटले, तिकडच्या कापसाची जहाजे लँकेशायरला पोचेनाशी झाली, आणि हिंगणघाटच्या कापसाला असा भाव आला की, सरकारला या भागासाठी स्वतंत्र कापूस-कमिशनर नेमावा लागला. त्या कमिशनरने, म्हणजे रिव्हेट-कार्नॅकने, लिहिलेले मोठे रिपोर्ट आजही वाचावयास मिळतात. अमेरिकेतील रणांगणावर काय घडते आहे यावर आमच्या शेतकऱ्याच्या वखराची पाळी अवलंबून होती, आणि त्याला त्या रणांगणाचे चित्र पाहावयास मिळण्याची मात्र कोणतीही सोय नव्हती. पुढे ती सोय झाली. आणि त्याहून नवलाची गोष्ट ही की, कॅमेरा उलट्या दिशेनेही फिरला, अमेरिकेला आमच्या जिल्ह्याकडे पाहण्याची गरज भासू लागली. तो भाग यथावकाश येईल.

प्रथम वृत्तपट घडतो कसा ते पाहू. अमेरिकेत बोलपटांचा काळ सुरू झाल्यावर पाच मोठ्या कंपन्यांनी हा व्यवसाय आपसात वाटून घेतला होता: फॉक्स मूव्हिटोन, पॅरामाउंट, युनिव्हर्सल, पाथे आणि वृत्तपत्रसम्राट हर्स्ट यांची कंपनी, जिचा वृत्तपट पुढे ‘न्यूज ऑफ द डे’ या नावाने निघे. प्रत्येकीचा सुमारे १० मिनिटांचा नवा अंक आठवड्यातून दोनदा देशभरच्या चित्रपटगृहांत रवाना होई. चित्रण करणाऱ्याच्या हाती बहुधा ‘आयमो’ नावाचा कॅमेरा असे. घड्याळाला द्यावी तशी त्याला किल्ली द्यावी लागे, आणि त्यात एका वेळी १०० फूट फीत मावे. सेकंदाला २४ चित्रे या गतीने मिनिटाला ९० फूट फीत सरते. म्हणजे मिनिटभराहून किंचित अधिक चित्रण झाले की, कॅमेरा उघडून नवी गुंडाळी भरणे आले, आणि तीही सलग नव्हे, कारण किल्ली त्याच्या कितीतरी आधीच उतरे. हा तपशील मी मुद्दाम देतो. ज्याच्या पदरी एवढीच शिल्लक आहे तो मनुष्य वाट पाहत उभा राहू शकत नाही. काय घडणार, कोठे घडणार आणि किती वाजता घडणार, हे त्याला आगाऊ ठाऊक असावे लागते.

या एका अडचणीतून वृत्तपटाचे अर्धे चारित्र्य तयार झाले आहे. जे प्रसंग आपली वर्दी आधी देतात तेच त्याला सापडतात. राष्ट्राध्यक्षाचा शपथविधी, पक्षांची अधिवेशने, जहाजाचे जलावतरण, संचलने, सौंदर्यस्पर्धा, सिनेटच्या समित्यांपुढील साक्षी, आगगाडीच्या शेवटच्या डब्याच्या सज्जातून गावोगावी भाषणे करीत निघालेले १९४८ सालचे ट्रूमन, हे सारे प्रसंग कॅमेऱ्याला निमंत्रण देऊन घडलेले आहेत. न्यायाच्या भाषेत बोलावयाचे तर वृत्तपट हा प्रत्यक्षदर्शी साक्षीदार खराच, परंतु तो वाटेने जाता जाता योगायोगाने सापडलेला साक्षीदार नव्हे. एका पक्षाने समन्स धाडून बोलावलेला साक्षीदार आहे. अशा साक्षीदाराची साक्ष फेकून द्यावी असे कोणताही शहाणा न्यायाधीश म्हणणार नाही. पण त्याला कोणी बोलावले, कोठे उभे केले आणि कोणते प्रश्न विचारलेच नाहीत, याची नोंद घेतल्याखेरीज ती वाचणारही नाही.

चित्राच्या जोडीला आवाज असे, आणि तो आवाज बहुतेक वेळा घटनास्थळीचा नसे. मुके चित्रण न्यूयॉर्कला पोचले की तेथे त्याची काटछाट होई, वाजंत्री चढविली जाई आणि लोवेल टॉमससारखा घोटीव वाणीचा निवेदक आपल्या पसंतीचा अर्थ त्यावर बसवी. या प्रकाराचा उलगडा करण्यासाठी मला आमच्या गावची टेकडी उपयोगी पडते. गिरडच्या टेकडीवर शेख ख्वाजा फरीद यांचा दर्गा आहे. हिंदू आणि मुसलमान दोघेही तेथे नवस फेडावयास येतात. टेकडीवर जिकडेतिकडे गोलसर खडे पसरलेले आहेत. जुन्या इंग्रजी गॅझेटियरने त्यांची भूशास्त्रीय जात नोंदविली आहे आणि त्याच दमात आख्यायिकाही दिली आहे की, नारळ वगैरे माल घेऊन चाललेल्या दोन वंजारी व्यापाऱ्यांनी बाबांची थट्टा केली, बाबांनी त्यांच्या सगळ्या मालाचे दगड केले, आणि ते शरण आल्यावर वाळक्या पानांपासून त्यांना नवा माल करून दिला. गॅझेटियरकाराची ही पद्धत मला नमुनेदार वाटते. खडा खरा आहे, तो हातात घेता येतो. त्याच्याविषयी सांगितले जाते ते निराळ्या प्रतीचे सत्य आहे. आणि दोहोंची नोंद शेजारी शेजारी पण स्वतंत्र ठेवली, तरच दोहोंचा उपयोग होतो. वृत्तपटात चित्र म्हणजे खडा आणि निवेदन म्हणजे आख्यायिका. अमेरिकन प्रेक्षकाला ती दोन्ही एकत्र कालवून मिळत, आणि कालवणारा हात पडद्यावर कधी दिसत नसे.

याचा सर्वांत बोलका दाखला ३० मे १९३७ या दिवशीचा आहे. शिकागो येथे रिपब्लिक पोलाद कारखान्याच्या संपवाल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात १० माणसे दगावली. दुसऱ्या दिवशीच्या अनेक वर्तमानपत्रांनी जमाव पोलिसांवर चालून गेला, असे ठोकून दिले. पॅरामाउंटचा चित्रकार तेथे हजर होता. परंतु हे दृश्य पाहून चित्रपटगृहांत लोक बिथरतील, असे कारण सांगून कंपनीने ते दडपून ठेवले. पुढे सिनेटच्या ला फॉलेट समितीने फीत हुकमाने मागवून घेतली आणि पाहिली, तेव्हा पाठ फिरवून पळणाऱ्या माणसांवर लाठ्या आणि गोळ्या चालल्याचे उघड झाले. त्यानंतर पॅरामाउंटने चित्रण प्रदर्शित केले, तरी शिकागोत ते दाखविण्यास मनाई झाली ती झालीच. आता त्यातील बारीक गोष्ट पाहा. दंगल ज्या क्षणी सुरू झाली नेमक्या त्याच क्षणी चित्रकार कॅमेऱ्याचे भिंग बदलीत होता. म्हणून फितीवर आधी समोरासमोर उभे राहून बोलणारी माणसे दिसतात आणि लगेच पुढच्या चित्रात पळापळ. पहिला हात कोणी उगारला, या कळीच्या प्रश्नाचे उत्तर त्या काही सेकंदांच्या खंडात हरवले. संपूर्ण अमेरिकन वृत्तपट-संग्रहात याहून मोलाचे चित्रण थोडेच असेल, आणि त्याच्या मोलात त्या खंडाचाही वाटा आहे.

शिकागोची फीत दडपली तरी होती. आमच्याकडे दडपण्यासारखी फीतच निघू दिली गेली नाही. १६ ऑगस्ट १९४२ रोजी आमच्या जिल्ह्यात आष्टी येथे आणि गिरडपासून फार दूर नसलेल्या चिमूर येथे जे घडले, तेथे सत्याग्रही होते, पोलीस होते, जाळपोळ आणि मृत्यू होते, चिमुरात मागाहून आलेल्या फौजेचे अत्याचार होते, कॅमेरा नव्हता. चिमूरच्या अत्याचारांची चौकशी व्हावी म्हणून सेवाग्रामच्या प्रा. भणसाळी यांनी जो ६३ दिवसांचा उपवास केला, त्याची बातमीसुद्धा छापू नये असे फर्मान सरकारने काढले, आणि त्याच्या निषेधार्थ वर्तमानपत्रांनी एक दिवस आपले अंकच काढले नाहीत. ‘इंडियन न्यूज परेड’ हा सरकारी वृत्तपट लवकरच, १९४३ साली, सुरू झाला, आणि युद्धकाळच्या विशेष हुकमाने तो प्रत्येक चित्रपटगृहावर लादण्यात आला; त्यात रणगाडे होते, परेडी होत्या, चिमूर असण्याचे कारणच नव्हते. अशा वेळी इतिहासकाराने दोन्ही गोष्टी पुराव्यात धराव्यात: जे चित्रित झाले ते, आणि ज्याचे चित्रण होऊ शकले नाही तेही.

तसे पाहिले तर या कलेत आपण अमेरिकेच्या मागे नव्हतो. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी विलायतेहून कॅमेरा मागवून १८९९ साली मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये कुस्तीचे चित्रण केले, आणि डिसेंबर १९०१ मध्ये केंब्रिजचे सीनियर रँग्लर होऊन परतलेल्या रघुनाथराव परांजपे यांच्या स्वागतसमारंभाचे केले. हा दुसरा पट भारताचा पहिला वृत्तपट गणला जातो. गणितातील यशासाठी लोकांनी एखाद्याला हार घालावे आणि तेवढ्यासाठी कोणी कॅमेरा घेऊन धावावे, ही गोष्ट त्या काळच्या महाराष्ट्राविषयी पुष्कळ काही सांगून जाते.

आता कॅमेरा उलटा फिरला तो प्रसंग. गांधीजींचे बोलते चित्र प्रथम घेतले ते अमेरिकन कंपनीने, फॉक्स मूव्हिटोनने, १९३१ साली गुजरातेत बोरसद येथे. प्रश्नकर्ता उत्साही, यंत्रे अवजड आणि महात्माजी जमिनीवर बसून अल्पाक्षरी उत्तरे देणारे, असा तो देखावा आहे. तुरुंगात परत जाण्याची तयारी आहे का, या प्रश्नावर त्यांचे उत्तर इतके विनासायास येते की, कॅमेऱ्यापुढे पुढारी कसा वागतो याविषयीचे अमेरिकन ठोकताळे तेथे कोलमडून पडतात. विशेष हे की, चित्रपट या वस्तूविषयीच त्यांना तिटकारा होता. १९२७-२८ सालच्या सिनेमाविषयक सरकारी चौकशी-समितीने पाठविलेल्या प्रश्नावलीला त्यांनी जवळजवळ नकारच कळविला होता. १९३६ साली ते वर्ध्याजवळच्या शेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, राहावयास आले, आणि जगभरच्या बातमीदारांना आमच्या जिल्ह्याचा पत्ता ठाऊक झाला. १९४२ च्या जूनमध्ये लुई फिशर हा अमेरिकन पत्रकार ऐन उन्हाळ्यात तेथे आठवडाभर राहिला. गांधीजींच्या ज्या झोपडीत व्हाइसरॉयशी थेट बोलता यावे म्हणून टेलिफोन बसविण्यात आला होता, त्या झोपडीत छायाचित्रकाराने मात्र कसे वागावे याचे नियम कडक होते. आश्रमातच वाढलेल्या कनु गांधींना कॅमेरा वापरण्याची परवानगी मिळाली ती तीन अटींवर: प्रकाशझोत वापरावयाचा नाही, चित्रासाठी कोणाला बसवावयाचे नाही आणि आश्रमाकडे पैसा मागावयाचा नाही. घनश्यामदास बिर्लांनी १०० रुपये दिले, तेव्हा कॅमेरा आणि फीत आली. कनु गांधींची चित्रे स्थिर आहेत, ते वृत्तपट नव्हेत. तरी त्यांचा येथे उल्लेख करण्याचे कारण असे की, त्या तीन अटींनी नेमके काय वर्ज्य केले हे पाहिले म्हणजे न्यूयॉर्कचा वृत्तपट कशावर उभा होता ते आपोआप कळते: दिवा, मांडणी आणि पैसा.

या साऱ्या देवाणघेवाणीत मला सर्वाधिक मोहविणारी कथा नागपूरची आहे, आणि ती विदर्भातही पुरेशी ठाऊक नाही. जेम्स लॉसन नावाचा एक कृष्णवर्णीय अमेरिकन तरुण, कोरियाच्या युद्धासाठी सक्तीची लष्करभरती नाकारल्याबद्दल तुरुंगवास भोगून, १९५३ साली मेथडिस्ट मिशनच्या वतीने नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात आला. तेथे तो मुलांना खेळ शिकवी आणि गांधीविचाराचा अभ्यास करी. डिसेंबर १९५५ मध्ये एके दिवशी त्याने ‘नागपूर टाइम्स’ उघडला, तो त्यात अलाबामातील माँटगोमेरी शहरी कृष्णवर्णीयांनी बसगाड्यांवर बहिष्कार घातल्याची आणि मार्टिन ल्यूथर किंग नावाच्या तरुण धर्मोपदेशकाची वार्ता होती. आपल्या मायदेशी सत्याग्रह सुरू झाला आहे, हे त्याला सीताबर्डीच्या परिसरात, आमच्या बाजूच्या एका प्रांतिक दैनिकातून समजले! १९५६ साली तो परतला. पुढच्या वर्षी ओबर्लिन येथे किंग यांची त्याची गाठ पडली, आणि दक्षिणेत या, थांबू नका, असा त्यांनी त्याला आग्रह केला. लॉसनने टेनेसी राज्यातील नॅशव्हिल गाठले आणि एका चर्चच्या तळघरात विद्यार्थ्यांचे वर्ग सुरू केले. काही जणांनी गिऱ्हाईक म्हणून बसावयाचे, बाकीच्यांनी त्यांच्या अंगावर ओरडावयाचे, धूर सोडावयाचा, खुर्चीवरून ढकलावयाचे, आणि बसलेल्यांनी हात उचलावयाचा नाही, असा तो अभ्यासक्रम होता.

१३ फेब्रुवारी १९६० पासून हे विद्यार्थी नॅशव्हिलच्या दुकानांतील फक्त गोऱ्यांसाठी राखलेल्या उपाहार-कट्ट्यांवर जाऊन बसू लागले. २७ फेब्रुवारीला गोऱ्या टोळक्यांनी त्यांच्यावर हल्ला केला. अटक झाली ती मात्र मार खाणाऱ्यांना, ८० हून अधिक जणांना. मार्चमध्ये लॉसनला तो शिकत होता त्या विद्यापीठातून काढून टाकण्यात आले. १९ एप्रिलच्या पहाटे या विद्यार्थ्यांचे खटले चालविणारे वकील झेड. अलेक्झांडर लूबी यांच्या घरावर बाँब पडला, आणि त्याच दिवशी हजारो लोक एकही घोषणा न देता नगरभवनाकडे चालत गेले. या मोर्चाचे जे चित्रण उपलब्ध आहे ते पाहताना वाचकाने एक गोष्ट ध्यानात घ्यावी. तिघातिघांच्या रांगा आहेत, मुली शाळेच्या समारंभाला जावे तशा कपड्यांत आहेत, आणि कोणीही कॅमेऱ्याकडे पाहत नाही. चित्रणाची सवय नसलेली माणसे भिंगाकडे टक लावून पाहतात, पुढाऱ्यांची नजर भिंगाच्या किंचित बाजूला असते. या मुलांची मात्र समोर आहे, जणू तो कॅमेरा तेथे नाहीच. हे अनवधान नव्हे, शिस्त आहे. नगरभवनाच्या पायऱ्यांवर डायन नॅश या विद्यार्थिनीने महापौर बेन वेस्ट यांना सरळ विचारले की, केवळ वर्णावरून भेद करणे चूक आहे असे आपणांस वाटते की नाही, आणि महापौरांनी सर्वांसमक्ष ते चूक असल्याचे मान्य केले. १० मे रोजी ते कट्टे सर्वांना खुले झाले.

ज्या साक्षीदाराला आजवर सत्ताधीश बोलावीत होते, त्याला या प्रसंगी प्रथमच रस्त्यावरच्या माणसांनी बोलावले. आणि बोलावल्यावर त्याच्यापुढे काय ठेवावयाचे याची तालीम त्यांनी तळघरात आधीच करून ठेवली होती. यात बनवाबनवी आहे का? माझे मत असे की नाही. तालीम झाली ती मार सोसण्याची. मार देणाऱ्यांना कोणी शिकविले नव्हते, ते आपण होऊन आले. तरीही मी वाचकाला सावध करीन, कारण कॅमेऱ्याच्या आमंत्रणाचे तंत्र सज्जन आणि दुर्जन दोघांनाही सारखेच अवगत होते. कम्युनिस्टांच्या शोधाचे काहूर उठविणारे सिनेटर मॅकार्थी यांनी तेच वापरले, आणि १९५४ च्या सुनावणीत लष्कराचे वकील वेल्च यांनी त्यांना उघडे पाडले, तेही त्याच कॅमेऱ्यापुढे.

याच अमेरिकन कंपन्यांनी त्यापूर्वीची कित्येक वर्षे कृष्णवर्णीयांचे जीवन जवळजवळ वगळलेच होते, हेही येथेच सांगितले पाहिजे. त्यांच्या वस्तीतील चित्रपटगृहांसाठी १९४२ पासून ‘ऑल-अमेरिकन न्यूज’ नावाचा निराळा वृत्तपट निघत असे, तो गोऱ्यांच्या पडद्यावर येत नसे. एकाच राष्ट्राच्या बातम्या दोन जातींच्या पडद्यांवर वेगवेगळ्या दिसत होत्या, ही गोष्ट मराठी वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही.

आमच्याकडील हिशेबही चुकता करू. १९४६ साली सरकारी चित्रपट-खाते बंद करण्यात आले होते, त्यामुळे १४-१५ ऑगस्ट १९४७ च्या मध्यरात्री, जेव्हा टिपून ठेवण्यासारखे सर्वाधिक काही घडत होते, तेव्हा सरकारपाशी स्वतःचे चित्रीकरण-पथक उरले नव्हते. खासगी हौशी आणि परदेशी कॅमेरावाल्यांच्या कृपेने आपल्याला तो क्षण पाहावयास मिळतो. पुढे १९४८ मध्ये फिल्म्स डिव्हिजनची स्थापना झाली आणि तिचा साप्ताहिक ‘इंडियन न्यूज रिव्ह्यू’ देशभर सक्तीने दाखविला जाऊ लागला. चित्रपटगृहाच्या मालकाने तो दाखवावयाचा आणि वर भाडेही भरावयाचे, अशी व्यवस्था होती. धरणांची उद्घाटने, पूरग्रस्तांची विचारपूस, परदेशी पाहुण्यांचे हार-तुरे यांनी तो गच्च भरलेला असे. अमेरिकन वृत्तपटांत भारत म्हणजे गर्दी आणि झेंडूच्या माळा, जशी डिसेंबर १९५९ मध्ये आयसेनहॉवर दिल्लीला आले तेव्हा दिसली. आणि आमच्या वृत्तपटांत अमेरिका म्हणजे बंदरात उतरणारा गहू. दोघांनीही एकमेकांची फारशी फसवणूक केली असे नाही. दोघांनीही एकमेकांना फार जवळून पाहिले, असेही नाही.

सरकारी चाकोरीबाहेरचे एक उदाहरण मात्र नमूद केल्यावाचून पुढे जाववत नाही. ७ डिसेंबर १९५६ रोजी मुंबईत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची अंत्ययात्रा निघाली. लाखोंच्या त्या समुदायाचे चित्रण आज आपण पाहू शकतो ते नामदेव व्हटकर या लेखकाने पदरचा पैसा घालून ते करवून घेतले म्हणून. शासनाचा हुकूम नाही, कंपनीची कामगिरी नाही, मोबदल्याची आशा नाही. हे घडते आहे आणि याची नोंद राहिली पाहिजे, एवढ्या एका जाणिवेवर ती फीत उभी आहे. कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या, अमेरिकन लोकशाहीचे गुणदोष जवळून पाहिलेल्या या महापुरुषाची अंतिम यात्रा अमेरिकेच्या पाच कंपन्यांतील एखादीने पुरेशा विस्ताराने टिपली असती, तर ती पाहून मला आनंदच झाला असता. पण व्हटकरांच्या फितीशेजारी ठेवल्यावर तिची किंमत कमीच भरली असती, असे मी पक्षपात पत्करूनही म्हणतो.

दूरचित्रवाणीने अमेरिकेत या व्यवसायाचा ग्रास घेतला. पाथे १९५६ मध्ये, पॅरामाउंट १९५७ मध्ये, मूव्हिटोन १९६३ मध्ये आणि उरलेल्या दोघी १९६७ मध्ये बंद पडल्या. आमचा वृत्तपट त्यानंतरही कित्येक वर्षे चालू राहिला, कारण मुंबईला दूरदर्शनच मुळी १९७२ साली आले. मागे राहिल्या त्या फिती. १९५० च्या सुमारापर्यंतची बहुतेक फीत नायट्रेटची असे, आणि हे द्रव्य इतके ज्वालाग्राही की, एकदा पेटल्यावर पाण्याखालीही विझत नाही. युनिव्हर्सल कंपनीने आपला सारा संग्रह अमेरिकेच्या राष्ट्रीय दप्तरखान्याला देऊन टाकला आणि त्यावरील हक्कही सोडला, ही उदारता खरीच. पण ७ डिसेंबर १९७८ रोजी मेरिलँड राज्यातील सूटलँड येथील कोठाराला आग लागली आणि त्या संग्रहातील १ कोटी २६ लाख फूट फीत भस्म झाली. जळाले ते मुख्यत्वे काटछाटीत बाजूला काढलेले चित्रण, म्हणजे निवेदकाच्या आख्यायिकेत न बसणारे खडे. पुण्याच्या चित्रपट-संग्रहालयाच्या नायट्रेट-कोठाराला जानेवारी २००३ मध्ये लागलेल्या आगीची आठवण महाराष्ट्राला आहेच.

जे वाचले आहे ते मात्र आता कोणालाही घरबसल्या पाहता येते, आणि पाहण्याची रीत मी या ग्रंथाच्या वाचकाला सुचवू इच्छितो. पहिल्या खेपेस आवाज बंद ठेवावा. कॅमेरा कोठे उभा आहे, कोणाच्या खांद्याच्या मागे, पोलिसांच्या रांगेच्या अलीकडे की पलीकडे, हे आधी ठरवावे. मग चौकटीच्या कडांकडे पाहावे, कारण मध्यभाग निमंत्रकाने मांडलेला असतो आणि कडा राहून गेलेल्या असतात: सभेच्या कोपऱ्यात डुलकी घेणारा म्हातारा, ‘फक्त गोऱ्यांसाठी’ अशी पाटी, दुकानातील किमतींचा फळा, मिरवणुकीकडे पाठ करून बूट पुसणारा मुलगा. मूळ फीत हाताळण्याचा योग आलाच तर तिची कड उजेडात धरावी. कोडॅक कंपनी तेथे वर्तुळ, चौकोन, त्रिकोण अशा खुणांनी फितीच्या निर्मितीचे साल छापीत असे, आणि तीच खूण २० वर्षांनी पुन्हा येत असल्याने १९३७ की १९५७ हा निर्णय माणसांच्या टोप्या आणि मोटारींचे आकार पाहून करावा लागतो. एवढे झाल्यावर आवाज सुरू करावा आणि निवेदक काय म्हणतो ते एखाद्या कुळकर्ण्याची कैफियत ऐकावी तसे ऐकावे, म्हणजे आदराने ऐकावे आणि ताडून पाहावे.

पुढील प्रकरणांचा क्रम कालानुसार आहे. पण ज्याला हा विषय नवा आहे त्याने शिकागोचे प्रकरण प्रथम आणि नॅशव्हिलचे त्यानंतर वाचावे, शपथविधी आणि अधिवेशने मागाहून वाचली तरी चालतील. सौंदर्यस्पर्धांचे प्रकरण अगदीच टाळू नये. त्यात परीक्षक म्हणून बसलेल्या शहरपित्यांचे चेहरे पाहण्यासारखे आहेत.

गिरड, जिल्हा वर्धा